जाळी दमट हवेसाठी, आपल्याकडे जपून

जाळीच्या भिंती आणि समोरासमोर खिडक्या ठेवल्या की झालं ट्रॉपिकल, म्हणजे उष्ण प्रदेशाला साजेसं घर, असं बरेचदा सांगितलं जातं ते अर्धंच खरं आहे. मॅक्सवेल फ्राय आणि जेन ड्रू या ब्रिटिश वास्तुविशारद जोडप्यानं नायजेरियात इबादानच्या विद्यापीठाच्या इमारती केल्या त्या दमट हवेत, तिथं वारा अंगावरून गेला की घाम सुकतो, म्हणून खेळत्या हवेवर सगळा भर. त्यांचं १९५६ चं पुस्तकही फक्त दमट भागावर होतं, कोरडा भाग १९६४ च्या पुस्तकात आला, चंडीगडला मात्र ते पहिल्या पुस्तकाआधीच काम करून आले होते.

आमच्या विदर्भात मे महिन्यात पारा ४५ च्या वर, हवा कोरडी ठाक, दुपारी जाळीतून वारा नाही झळा येतात. आमच्या गावात सभागृहाला पश्चिमेकडं सिमेंटची जाळी लावली, दिसते छानच, पण उन्हाळा लागला की लोक तिला आतून पोती बांधतात. शेजारीच जुनं धाब्याचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं घर आहे, हातभर जाड मातीच्या भिंती, खिडक्या लहान, सकाळी नवालाच दारं लावून घेतात अन् रात्री सताड उघडतात, दुपारी तिथं कूलरशिवाय झोप लागते. जाळी लावायचीच तर व्हरांड्याला लावा, खोलीला नको.