तक्त्यावर काट कोणी मारली?

वहिनी: सर्वांना नमस्कार. काल रात्री चिरंजीवांच्या शाळेच्या अणूच्या तक्त्यावर लाल पेनाने काट कोणी मारली? उद्या सकाळी जमा करायचाय. राग नाही, फक्त कळवावे.

दादा: राग नाही म्हणतेय, म्हणजे आहे 😄

ताई: मी मारली. ग्रहांसारखे फिरणारे इलेक्ट्रॉन काढलेत. ते नील्स बोर या शास्त्रज्ञाचं अणूचं चित्र, १९१३ चं. १९२६ ला श्रोडिंजरचं समीकरण आलं आणि त्या ठरलेल्या वाटाच गेल्या. इलेक्ट्रॉन कुठे सापडण्याची शक्यता किती, एवढंच सांगता येतं.

नाना: हे सगळं कणादांनी आधीच सांगून ठेवलंय. परमाणू 🙏

वहिनी: ताई, तुमचं बरोबरच असणार. पण पुस्तकात गोलच आहेत. निदान पेन्सिलीने खूण करायचीत.

मी: वहिनी, गोल राहू द्या. तक्त्याचं नाव 'अणूच्या कल्पनेचा प्रवास' आहे, मग बोर हवाच. हायड्रोजनच्या वर्णपटातल्या रेषा त्याच्याच हिशोबात बसल्या. हीलियमपाशी घोडं अडलं ते पुढचं.

मोठे काका: मला विचाराल तर रदरफर्ड फार घाईत उरकलाय. 'सोन्याच्या पत्र्यावर कण मारले', झालं! अरे, १९०९ साली मँचेस्टरला गायगर आणि मार्सडेन अंधाऱ्या खोलीत बसायचे. आधी डोळे अंधाराला सरावू द्यायचे, मग सूक्ष्मदर्शकातून झिंक सल्फाइडच्या पडद्यावरचे लुकलुकणारे ठिपके एकेक करून मोजायचे. बहुतेक अल्फा कण सरळ पार. सुमारे ८००० त एखादा मागे फिरायचा. थॉमसनच्या पुडिंगसारख्या अणूत, म्हणजे धन प्रभार सगळीकडे पसरलेला आणि त्यात इलेक्ट्रॉन रुतलेले, हे होणंच शक्य नव्हतं. म्हणून १९११ ला रदरफर्डने जवळजवळ सगळं वस्तुमान मधल्या केंद्रकात कोंबलं. त्याची रुंदी अणूच्या १०,००० व्या भागाहूनही कमी.

मावशी: म्हणजे बाकी सगळी पोकळी? आपल्या ग्रुपसारखंच. वाचतात सगळे, बोलतात चौघं.

नाना: कणादांनी आधीच सांगून ठेवलंय. परमाणू 🙏

मोठे काका: आणि 'अणू फोडला की परमाणू मिळतो' हे कोणी लिहिलं?

दादा: हिंदी व्हिडिओची कृपा. त्यांचा अणू म्हणजे आपला रेणू, आणि त्यांचा परमाणू म्हणजे आपला अणू.

नाना: परमाणू 🙏

ताई: नाना, तिसऱ्यांदा. कणादांचा परमाणू अविभाज्य आहे, आणि आपण त्याच्या पोटात काय आहे यावर भांडतोय. कणादांनी तर्क केला. मूलद्रव्यांच्या वजनांचा हिशोब मांडला डाल्टनने.

नाना: तर्काशिवाय हिशोब सुचतो का?

मी: 👍 मुद्दा आहे.

वहिनी: सगळ्यांचं झालं असेल तर लाल रेघेचं काय करायचं?

दादा: तिथे थॉमसन बापलेक टाक. बापाने १८९७ ला इलेक्ट्रॉन शोधला, कण म्हणून. लेकाने दाखवलं की तो लाटेसारखाही वागतो. बापाला १९०६ चं नोबेल, लेकाला १९३७ चं. घरात भांडण नाही.

वहिनी: मध्ये आत्या नसेल 🙂

ताई: कळलं हो. पांढरा कागद चिकटवून देते, वर ढग काढते, जिथे शक्यता जास्त तिथे गडद. तक्ता कुठे ठेवलाय?

वहिनी: कपाटावर. मुद्दामच.

नाना: मघाशी पाहिला मी. त्यात न्यूट्रॉनच नाही. चॅडविक, १९३२.

वहिनी: अहो नाना, मग आधी का नाही सांगितलंत?

नाना: मी बोललो की तुम्ही मोजायला बसता.