घरी बांधलेल्या विमानाच्या इंजिनासाठी इंजेक्टर नवे घ्यावेत की रिकंडिशन?

बुटीबोरी_शेड:

नमस्कार. नागपूरजवळ बुटीबोरीच्या बाजूला एका पत्र्याच्या शेडमध्ये आम्ही तिघे मित्र चार वर्षांपासून दोन आसनी विमान बांधत आहोत. सांगाडा, पंख आणि नियंत्रणे यांचे काम बरेचसे आटोपले असून आता इंजिनाकडे वळलो आहोत. विमानाचे तयार इंजिन आमच्या आवाक्याबाहेरचे होते, म्हणून अपघातात सापडलेल्या एका मोटारीचे दीड लिटरचे, चार सिलिंडरांचे पेट्रोल इंजिन घेतले, ते पूर्ण खोलून पुन्हा बांधले आणि त्यावर प्रोपेलरसाठी गिअरबॉक्स व स्वतंत्र ईसीयू (इंजिन नियंत्रित करणारा संगणक) बसवला. कमाल शक्ती १०० अश्वशक्ती धरली आहे. पेट्रोल सिलिंडरमध्ये थेट न जाता इनटेक मॅनिफोल्डमध्ये (हवा आत नेणाऱ्या नळीत) व्हॉल्व्हच्या अलीकडे फवारले जाते आणि रेलमधील (इंजेक्टरांना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीतील) दाब ३ बार आहे.

अडचण हे पेट्रोल फवारणाऱ्या इंजेक्टरांची आहे. मूळ गाडी दोन पावसाळे उघड्यावर उभी होती, त्यामुळे तिच्यासोबत आलेले चारही इंजेक्टर आतून कसे असतील याची खात्री नाही. शहरातील एका दुकानदाराने ते रिकंडिशन करून ‘नव्यासारखे’ देण्याची तयारी दाखवली आहे. अधिकृत विक्रेत्याकडून नवा संच घेतला तर त्याच्या तिप्पट खर्च येतो. तिसरा पर्याय ऑनलाइन दिसतो, तिथे त्याच नामांकित कंपनीचे नाव लिहिलेले नवे इंजेक्टर रिकंडिशनपेक्षाही स्वस्त आहेत. आम्हा तिघांची तीन मते आहेत. ज्यांनी हे काम प्रत्यक्ष केले आहे त्यांनी मार्गदर्शन करावे.

निवृत्त_इंजिनफिटर:

आपण प्रश्न वेळेवर विचारला याचे समाधान वाटले, कारण बहुतेक जण हा प्रश्न इंजिन सुरू झाल्यानंतर विचारतात. वायुसेनेतील माझी सारी नोकरी इंजिनांच्या देखभालीत गेली आणि ज्या सुट्या भागाचा इतिहास कागदावर नाही तो भाग आम्ही हातातही घेत नसू. माझे मत सरळ आहे: उडणाऱ्या इंजिनात नवेच इंजेक्टर बसवावेत आणि ते बिलासह अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्यावेत.

यामागचे कारण आकड्यांत सांगतो. पूर्ण थ्रॉटलवर, म्हणजे उड्डाणाच्या वेळी, आपण मिश्रण मुद्दाम रिच (पेट्रोल जास्त) ठेवतो, साधारण साडेबारा भाग हवेला एक भाग पेट्रोल. चारपैकी एका इंजेक्टरमधून पाच टक्के पेट्रोल कमी आले, तर त्या एका सिलिंडरचे प्रमाण १३.२ होते, आणि दहा टक्के कमी आले तर १३.९. सिलिंडर हेड सर्वाधिक तापते आणि डिटोनेशनची (मिश्रण आपोआप स्फोटासारखे पेटण्याची) शक्यता सर्वाधिक असते ती याच पट्ट्यात. मोटारीत असे झाले तर गाडी चढावर थोडी खडखडते आणि चालक पाय सैल सोडतो. विमानात मात्र त्या क्षणी चाके नुकतीच जमीन सोडत असतात आणि थ्रॉटल मागे घेण्याची सोय नसते.

ऑनलाइन मिळणाऱ्या स्वस्त ‘नव्या’ इंजेक्टरांचा विचार मनातून काढून टाकावा. नामांकित कंपन्यांच्या इंजेक्टरांच्या नकला जगभर विकल्या जातात. बाहेरचे प्लास्टिक, छापलेला क्रमांक आणि खोके हुबेहूब असते, पण फवारा आणि प्रवाह दोन्ही वेगळे निघतात.

कागदाचा मुद्दा आणखी एका कारणाने महत्त्वाचा आहे. कॅप्टन अमोल यादव यांनी मुंबईत कांदिवलीला इमारतीच्या गच्चीवर बांधलेल्या विमानाला डीजीसीएची (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची) नोंदणी २०१७ मध्ये मिळाली आणि तिच्यामागे किती वर्षांचा पाठपुरावा होता हे आपल्या वाचनात आले असेलच. आपल्यालाही त्याच दारातून जायचे आहे. तपासणी अधिकाऱ्यासमोर इंजेक्टरचे बिल आणि क्रमांक ठेवता आले पाहिजेत. ‘अमुक दुकानदार म्हणाला नव्यासारखे आहेत’ हे उत्तर चालणार नाही.

हिंगणा_टेस्टबेंच:

माझे हिंगणा एमआयडीसीजवळ पेट्रोल इंजेक्टर साफ करण्याचे आणि तपासण्याचे छोटे वर्कशॉप आहे. वरील काकांच्या निष्कर्षाशी मी बराचसा सहमत आहे, पण नवा इंजेक्टर म्हणजे तपासलेला इंजेक्टर असे मानू नये. उत्पादनात काही टक्क्यांचा फरक चालतो असे धरलेले असते. आपल्या चारपैकी दोन वरच्या टोकाचे आणि दोन खालच्या टोकाचे आले, तर खोके उघडल्या दिवसापासून सिलिंडरांत तफावत राहील. म्हणून नवे असोत की रिकंडिशन, चारही इंजेक्टर एकाच बेंचवर (चाचणीच्या यंत्रावर), एकाच दाबावर आणि एकाच दिवशी मोजलेले असले पाहिजेत.

दुकानदाराला पुढील गोष्टी विचाराव्यात. पहिली म्हणजे साफ करण्यापूर्वीचे आकडे. बहुतेक ठिकाणी फक्त नंतरचा तक्ता मिळतो, आणि खरी माहिती आधीच्या तक्त्यातच असते. जो इंजेक्टर आधी पंधरा टक्के कमी होता आणि अल्ट्रासोनिक (ध्वनिलहरींच्या) पद्धतीने व उलट्या दिशेने धुतल्यावर इतरांच्या बरोबरीला आला, त्यात घाण होती आणि ती निघाली. जो धुऊनही मागे राहिला त्याची सुई, बैठक किंवा स्प्रिंग झिजलेली किंवा गंजलेली आहे. दोन पावसाळे उघड्यावर राहिलेल्या संचात मला ही दुसरी शक्यता जास्त वाटते. असा इंजेक्टर कितीही वेळा धुतला तरी तसाच राहतो.

दुसरी गोष्ट म्हणजे दोन प्रकारची मोजणी. इंजेक्टर सतत उघडा ठेवून एका मिनिटात किती द्रव येतो ही एक, आणि दोन-तीन मिलिसेकंदांच्या छोट्या स्पंदांवर हजार वेळा उघडून किती येतो ही दुसरी. मोटारीच्या ग्राहकाला दुसरी मोजणी जास्त प्रिय असते, कारण आयडलिंग (गाडी उभी असताना इंजिनाचे मंद चालणे) तिच्यावर ठरते. विमानाचे इंजिन तासन् तास पासष्ट-पंचाहत्तर टक्के शक्तीवर चालते, त्यामुळे आपल्यासाठी पहिली मोजणी अधिक मोलाची आहे आणि तिच्यात चौघांमध्ये दोन टक्क्यांपेक्षा जास्त अंतर मी स्वीकारणार नाही. तरीही छोट्या स्पंदांची मोजणी सोडू नये, कारण उतरताना थ्रॉटल बंद असतो आणि धावपट्टीच्या अलीकडे इंजिन बंद पडणे परवडत नाही.

तिसरी गोष्ट गळतीची. ३ बार दाब देऊन इंजेक्टर बंद ठेवावा आणि टोकावर एक मिनिट लक्ष ठेवावे. थेंब बनला तर तो इंजेक्टर बाद. इंजिन बंद केल्यानंतर तोच थेंब गरम मॅनिफोल्डमध्ये पडत राहतो, पुन्हा सुरू करताना त्रास देतो आणि आगीलाही निमंत्रण देतो.

चौथी गोष्ट आमच्या धंद्यातले लोक सहसा करत नाहीत, ती म्हणजे गरम अवस्थेतील चाचणी. दहा मिनिटांची चाचणी थंड बेंचवर होते. आपला इंजेक्टर मात्र नागपूरच्या मे महिन्यात, ४५ अंशांच्या हवेत, काउलिंगच्या (इंजिनावरील आवरणाच्या) आत तापलेल्या इंजिनाला चिकटून काम करणार आहे. जास्त रोधाच्या इंजेक्टरची कॉइल साधारण १२ ते १६ ओहम भरते. तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.४ टक्के वाढतो, म्हणजे शेडमध्ये १४ ओहम दाखवणारी कॉइल ५० अंश जास्त तापल्यावर १७ ओहमच्या जवळ जाईल. एवढी वाढ नैसर्गिक आहे. आकडा मध्येच उडी मारत असेल किंवा वायर हलवताच बदलत असेल, तर आतली जोडणी तुटायच्या बेतात आहे. जुन्या कॉइलचा हा दोष धुण्याने जात नाही आणि थंड बेंचवर दिसतही नाही. माझा उदरनिर्वाह रिकंडिशनवर चालतो, तरी उड्डाणासाठी मी आपला जुना संच करून देणार नाही, याचे मुख्य कारण हेच आहे.

ओरिंगबद्दलही, म्हणजे इंजेक्टरवरील रबरी कड्यांबद्दलही सांगतो. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते. साध्या नायट्राइल रबराचे ओरिंग वापरले असतील तर ते बदलून इथेनॉलला टिकणाऱ्या व्हायटनचे घ्यावेत. काही ठिकाणी रिकंडिशन करताना इंजेक्टरच्या तोंडाची बारीक जाळी काढून टाकतात आणि नवी बसवतच नाहीत, तेही पाहावे.

सोनेगाव_एएमई:

मी विमान देखभालीत काम करतो. ही चर्चा लायकॉमिंग कंपनीचे तयार विमान-इंजिन असलेले बांधणारेही वाचत असतील, म्हणून एक फरक नोंदवतो. त्या इंजिनांवरील बेंडिक्स पद्धतीच्या इंजेक्शनमध्ये कॉइल, स्पंद, ईसीयू असे काहीही नसते. सर्वो नावाचा भाग हवेच्या प्रमाणात पेट्रोल मोजतो, फ्लो डिव्हायडर ते सिलिंडरांना वाटतो आणि प्रत्येक सिलिंडरवरील पितळी नोझलमधून ते अखंड वाहत राहते. हलणारा भागच नसल्याने नोझल नीट साफ केले तर दीर्घकाळ टिकते, त्यामुळे तिथे नवे की जुने हा वाद फारसा उरत नाही. छिद्रात तार मात्र कधीही घालू नये. छिद्र किंचित मोठे झाले की ते नोझल कायमचे बिघडले.

प्रवाह सारखा आहे का हे बेंचशिवायही पाहता येते. नोझल सिलिंडरवरून काढून आपापल्या नळीलाच जोडून ठेवायची, प्रत्येकीखाली एकसारखी बाटली धरायची आणि विजेचा पंप ठरावीक वेळ चालवून बाटल्यांतील पातळी ताडून पाहायची. हे काम मोकळ्या हवेत, आग विझवण्याचे साधन शेजारी ठेवूनच करावे. बेंडिक्स पद्धतीत एक फसवी गोष्ट आहे: इंधनप्रवाहाचा जुना काटा प्रत्यक्षात फ्लो डिव्हायडरचा दाब दाखवतो, म्हणून एखादे नोझल तुंबले की काटा खाली न येता वर जातो. वैमानिकाला वाटते पेट्रोल जास्त जात आहे, तो मिश्रण आणखी लीन (पेट्रोल कमी) करतो, आणि आधीच उपाशी असलेला सिलिंडर अधिकच तापतो.

प्रश्नकर्त्यांना माझी सूचना इंजेक्टरच्या आधीच्या भागाविषयी आहे. घरी बांधलेल्या विमानात पहिल्या काही तासांत इंजेक्टर तुंबतो तो आपल्याच टाकीतील कचऱ्याने. अ‍ॅल्युमिनियमचा कीस, सीलंटचे कण, ग्लास फायबरचे धागे, जोडणीला गुंडाळलेल्या टेफ्लॉन टेपचे तुकडे, सगळे वाहत पुढे येते. नवा संच बसवण्याआधी रेल मोकळी सोडून दोन्ही टाक्यांमधून भरपूर पेट्रोल वाहवावे, ते पांढऱ्या कापडातून गाळावे आणि कापड स्वच्छ निघेपर्यंत पुन्हा पुन्हा करावे. इंजेक्टरच्या आधी १० मायक्रॉनचा फिल्टर असावा.

बुटीबोरी_शेड:

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिले, मनापासून आभार. ऑनलाइनचा पर्याय आम्ही त्याच दिवशी रद्द केला. दोन शंका आहेत. इंजेक्टरचे माप कसे निवडावे? आणि जमिनीवरील चाचण्यांसाठी जुना संच साफ करून वापरला आणि उड्डाणाआधी नवा बसवला, तर चालेल का?

हिंगणा_टेस्टबेंच:

माप असे काढावे. अशा इंजिनाला दर अश्वशक्तीला तासाला सुमारे २२५ ग्रॅम पेट्रोल धरले, तर १०० अश्वशक्तीला साडेबावीस किलो, म्हणजे सुमारे ३० लिटर होते. मिनिटाचा हिशेब केला तर ५०० मिलिलिटर, प्रत्येक सिलिंडरला १२५ च्या थोडे वर. इंजेक्टर ऐंशी टक्क्यांपेक्षा जास्त वेळ उघडा ठेवू नये, म्हणून हा आकडा १५७ वर जातो. इथेनॉलच्या मिश्रणाला हवा-पेट्रोलचे आदर्श प्रमाण १४.७ ऐवजी सुमारे १३.५ लागते, त्यामुळे आकारमानाने सात-आठ टक्के जास्त पेट्रोल द्यावे लागेल. म्हणजे १७० झाले. ३ बारवर मिनिटाला १९० ते २०० मिलिलिटर देणारा इंजेक्टर योग्य राहील. फार मोठा घेतला तर आयडलिंगला स्पंद इतके छोटे होतात की नियंत्रण राहत नाही.

जुना संच जमिनीवर वापरण्यास माझा विरोध आहे. वीज मिळाल्यापासून सुई उचलली जाईपर्यंत साधारण एक मिलिसेकंद जातो, आणि हा उशीर प्रत्येक प्रकारच्या इंजेक्टरचा वेगळा असतो. व्होल्टेज उतरले की तो वाढतो. अल्टरनेटर बंद पडून आपण १४ वरून १२ व्होल्टवर आलात, तर ईसीयूने नेमकी तेवढी भर घातली पाहिजे. त्यासाठीचा तक्ता बसवलेल्या इंजेक्टरचाच हवा. जुन्या संचावर सारे ट्यूनिंग करून शेवटच्या दिवशी संच बदलणे म्हणजे न तपासलेले इंजिन घेऊन उडणे होय.

निवृत्त_इंजिनफिटर:

वरील म्हणणे पूर्णपणे पटले. त्यात एवढेच जोडतो की आपल्या रचनेत प्रत्येक सिलिंडरला एकच इंजेक्टर आहे. रोटॅक्स ९१२ आयएस या विमान-इंजिनात प्रत्येक सिलिंडरला दोन असतात आणि ईसीयूलाही दोन स्वतंत्र मार्ग असतात. ती दुसरी फळी आपल्याकडे नाही, हे काटकसर ठरवताना लक्षात असू द्यावे. शक्य असल्यास चारऐवजी पाच इंजेक्टर घ्यावेत.

बुटीबोरी_शेड:

तीन आठवड्यांनी लिहीत आहे. अधिकृत विक्रेत्याकडून पाच नवे इंजेक्टर घेतले आणि हिंगण्याला दादांच्या बेंचवर आमच्यासमोर मोजले. चार इंजेक्टर दीड टक्क्याच्या आत जुळले. पाचवा सव्वातीन टक्के कमी निघाला. तो पहिल्या चारांत असता तर आम्ही न मोजताच बसवला असता. विक्रेत्याने तक्ता पाहून तो बदलून दिला. जुन्या चारपैकी दोन धुऊनही मागे राहिले आणि एकाच्या टोकावर थेंब आला, त्यामुळे तो संच शेडच्या फळीवर ‘बाद’ असे लिहून ठेवला आहे.

टाक्या धुतल्या. पहिल्या तीन वेळा कापडावर सीलंटचे कण आले, पाचव्या वेळी कापड स्वच्छ निघाले. कोणता इंजेक्टर कोणत्या सिलिंडरवर आहे, त्याचा क्रमांक, दोन्ही प्रवाह आणि थंड-गरम रोध लॉगबुकात लिहिले आहेत. पुढच्या महिन्यात ऊन चढले की विमान खुंट्यांना बांधून दुपारी दोन वाजता पूर्ण थ्रॉटलची चाचणी घेणार आहोत आणि चारही सिलिंडरांच्या हेडचे व एक्झॉस्टचे तापमान इथे देऊ.