तळेगाव-चाकण रस्ता : मस्ती की नाइलाज?

खराबवाडीकर :
काल दुसऱ्या शिफ्टला निघालो. चाकणच्या तळेगाव चौकाअलीकडे नेहमीची रांग. तेवढ्यात उजवीकडून एक कंटेनर रांग सोडून पुढे घुसला. त्याच्यामागे कंपनीची बस, तिच्यामागे चार-पाच छोटे हत्ती. समोरून येणाऱ्यांना जागाच उरली नाही आणि पाच मिनिटांत दोन्ही बाजू ठप्प.

नाव राष्ट्रीय महामार्ग ५४८ डी, रुंदी गावच्या रस्त्याची, हे कबूल. पण गाडी तुंबते रस्त्यामुळे आणि अडकते या घुसखोरांमुळे. उलट्या दिशेनं गाडी घालणं २०१९च्या दुरुस्तीपासून मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४मध्ये धोकादायक चालवणं म्हणूनच धरलंय. पहिल्याच गुन्ह्याला एक ते पाच हजार दंड, किंवा सहा महिने ते वर्षभर कैद, किंवा दोन्ही. दोघा-चौघांना आत टाका, बाकीचे आपोआप रांगेत येतील.

स्टिअरिंगवाला :
टाका की आत. मग माल डोक्यावरून न्या.
साहेब, रात्रभर गाडी हाणून गेटवर यावं, तर वॉचमन म्हणतो, नंबर नाही, बाहेर थांब. बाहेर म्हणजे कुठं? रस्त्याच्या कडेला. ना संडास, ना पाणी. तिथं पोलीस पावती फाडतो. मोटार वाहतूक कामगारांना दिवसाला आठ तास काम, हा नियम १९६१च्या कायद्यापासूनचा आहे. आमच्या मालकाला तो कुणीतरी वाचून दाखवा.

डिस्पॅच_ताई :
दादांचं खरं आहे, आणि त्यात माझाही हात आहे. आम्ही मोठ्या कंपनीला सुटे भाग पुरवतो. त्यांना साठा ठेवायचा नसतो, दोनच्या आत माल त्यांच्या जोडणीच्या लाइनला लागला पाहिजे. उशीर झाला की डेबिट नोट, म्हणजे पैसे कापल्याची चिठ्ठी, आमच्या नावावर. म्हणजे त्यांचं गोदाम कुठं आहे? या रस्त्यावर, चाकांवर. दर दहा मिनिटांनी ‘कुठं पोचलात?’ असा फोन मीच करते. मग तो माणूस रांगेत कसा उभा राहील?

आंबेठाणचा_मी :
ताई, फोन तुम्ही करता, पण मरतो दुचाकीवाला. तुमच्या गाड्या कडेच्या मातीत उतरून उतरून डांबराची कड वीतभर उंच झालीय. पावसात पाणी साचलं की ती दिसतही नाही. मागच्या पावसाळ्यात माझा चुलतभाऊ तिथंच घसरला. मागचा टेम्पो वेळेवर थांबला म्हणून पायावर निभावलं. कांद्याचा ट्रॅक्टर मार्केटला न्यायचा तर आम्ही पहाटे चारला निघतो. आमच्या जमिनी घेऊन औद्योगिक वसाहत झाली आणि आम्हीच आता चोरासारखं अंधारात फिरायचं! नाइलाज सगळ्यांना आहे, म्हणून समोरच्याच्या अंगावर गाडी घालायची?

स्टिअरिंगवाला :
भाऊ, अंगावर कुणी मुद्दाम घालत नाही.

आंबेठाणचा_मी :
मुद्दाम नसलं तरी पाय मोडतोच की.

खराबवाडीकर :
कैदेचं अजूनही मागे घेत नाही. फक्त ड्रायव्हरबरोबर ज्याच्या गेटबाहेर गाड्या उभ्या, त्या कंपनीलाही धरा. आवारात पार्किंग नसेल तर गाडी बोलवायचीच कशाला? (आमची बस रोज घुसते आणि आत आम्ही टाळ्या पिटतो, तेही लिहून टाकतो.) ताई, दोनची वेळ अडीच करून मिळते का, विचारून बघा ना.

डिस्पॅच_ताई :
विचारलं होतं. म्हणाले, लवकर निघत जा.