लँडस्केपसाठी नेमकं किती लांब जायचं? जाणकारांनो, मदत हवी आहे

मंडळी नमस्कार. प्रश्न बरेच दिवस डोक्यात घोळतोय, आज विचारूनच टाकतो. लिहिता लिहिता लांबलंय, पण जमलं तर पूर्ण वाचा आणि मगच सांगा.

मी लँडस्केप फोटो काढतो. नोकरी सांभाळून, म्हणजे सुट्टीच्या दिवशी अंधारात उठायचं, पाठीवर बॅग, हातात ट्रायपॉड आणि उजाडायच्या आत जागेवर पोचायचं. लेन्सबद्दल विचारत नाहीये, एक वाइड आहे (समोरचं सगळं एकदम घेणारी), एक ७०-२०० आहे (लांबचं जवळ आणणारी झूम), दोन्ही मला पुरतात. अडचण जागांची आहे. घरापासून अर्ध्या तासाच्या आत एक तलाव आहे, त्याच्या मागे बुटकी टेकडी आणि टेकडीपलीकडे उघडा माळ. बास. बर्फाचे डोंगर नाहीत, धबधबा नाही, समुद्र नाही. आणि फोटोवाल्या मित्रांकडून एकच गोष्ट सारखी ऐकू येते की बाबा रे, सब्जेक्ट पाहिजे असेल तर घर सोडावं लागतं, सात-आठ तास गाडी मारायची तयारी ठेव.

मला त्यांचं म्हणणं खोटं वाटत नाही, म्हणूनच तर अडकलोय. मोठ्या डोंगरांसमोर पहिल्यांदा उभं राहिल्यावर जे होतं ते तलावाकाठी होत नाही हे खरंच आहे. ब्राझीलचे फोटोग्राफर सेबास्तियाओ सालगादो २००४ पासून साधारण आठ वर्षं अंटार्क्टिका, अ‍ॅमेझॉन, सायबेरिया असे फिरले, ते काम घराजवळ राहून होण्यासारखं नव्हतंच.

पण मग अमेरिकन फोटोग्राफर एडवर्ड वेस्टन बघा. कॅलिफोर्नियात पॉइंट लोबोस नावाचा किनाऱ्यावरचा एक लहानसा टापू आहे, तिथे ते १९२९ पासून फोटो काढत होते आणि १९४८ मध्ये आजारपणामुळे कॅमेरा कायमचा सुटला तेव्हाचा शेवटचा फोटोसुद्धा तिथलाच. तेच खडक, तीच सायप्रसची झाडं, तेच समुद्री शेवाळ. चेक फोटोग्राफर योसेफ सुदेक तर त्याहून पुढे गेले. पहिल्या महायुद्धात उजवा हात गमावलेला माणूस, १९४० ते १९५४ प्रागमधल्या स्वतःच्या स्टुडिओच्या खिडकीतून फोटो काढत राहिला, काचेवर साचलेलं बाष्प, ओघळलेले थेंब आणि त्यापलीकडे अंगणातलं एक वाकडं झाड. याला लँडस्केप म्हणायचं की नाही यावर वाद होईल, पण मला त्या फोटोंसमोर जितकं थांबावंसं वाटतं तितकं बऱ्याच बर्फाच्या शिखरांसमोर वाटत नाही.

बरं, याच वेस्टनना १९३७ मध्ये गुगेनहाइम फेलोशिप (कलावंतांना कामासाठी पैसे देणारी) मिळाली, फोटोग्राफरला मिळालेली ती पहिलीच, आणि त्या जोरावर त्यांनी अमेरिकेचा पश्चिम भाग हजारो मैल पालथा घातला. म्हणजे माणूस तोच, जवळ रमला आणि लांबही गेला. मग आपण ठरवायचं कशावरून?

माझ्या तलावाबद्दल थोडं सांगतो म्हणजे प्रश्न नीट कळेल. पाण्यात एक वठलेलं झाड आहे. तलाव भरलेला असला की नुसत्या वरच्या फांद्या दिसतात, पाणी उतरायला लागलं की खोड उघडं पडत जातं आणि त्यावर पाणी जिथे जिथे थांबलं होतं तिथे एकेक रेघ उमटलेली असते, खालची अजून ओली म्हणून काळी, वरच्या वाळून पांढुरक्या झालेल्या. आणखी उतरलं की काठच्या चिखलाला भेगा पडतात, आणि त्या भेगांची खोली सूर्य वर आल्यावर पहिली थोडी मिनिटंच दिसते, उन्हाचा तिरपेपणा गेला की सगळं सपाट. हे मला परत परत गेल्यामुळेच कळलं. लांबच्या ट्रिपला असं काही कळायला वाव नसतो, हातात दोन सकाळी असतात, ढग आला तर आला नाहीतर निळं कोरं आकाश घेऊन परत, आणि जो प्रसिद्ध कोन असतो तिथे आधीच लोक ओळीने उभे असतात आणि सगळ्यांच्या स्क्रीनवर तोच फोटो.

पण आता तलावाचंही असं झालंय की जागेवर पोचायच्या आधीच मला फ्रेम माहीत असते. नजर मेली आहे की जागा संपली आहे हेच कळेनासं झालंय आणि याचा मला खरंच त्रास होतोय, कारण यावर पुढचं सगळं ठरणार आहे. वर्षभराची साठवलेली सुट्टी समोर आहे.

तर मला हवंय ते असं की तुम्ही एका सकाळसाठी जास्तीत जास्त किती लांब जाता आणि ती मर्यादा कशावरून ठरवलीत, सगळी सुट्टी एका लांबच्या ट्रिपला लावावी की एक-दोन तासांवरची एखादी जागा धरून तिथेच जात राहावं, आणि ओळखीच्या जागेत नजर ताजी ठेवायला प्रत्यक्षात काय करता. "सगळं मनावर असतं" टाइप उत्तरं नकोत प्लीज, करून बघता येईल असं काहीतरी सांगा.

– उजाडताना

कडेकपारी

चांगला प्रश्न. मी अंतर किलोमीटरमध्ये मोजतच नाही, माझी मर्यादा एवढीच की आदल्या संध्याकाळी आकाश बघून उद्या जायचं की नाही हे ठरवता आलं पाहिजे.

कारण सांगतो. धुकं घ्या. पाऊस पडून गेलेला, जमीन ओली, रात्री आकाश मोकळं आणि वारा पडलेला, असं जुळलं की पहाटे सखल भागात धुकं धरायची शक्यता चांगली. पण हे जुळतंय की नाही हे आदल्या संध्याकाळीच कळतं, महिनाभर आधी बुकिंग करताना नाही. ढगांना खालून लाल रंग चढतो त्याचंही तसंच, वर उंच ढग पाहिजेत आणि सूर्याच्या बाजूचं क्षितिज मोकळं पाहिजे, तिथे ढगांची भिंत असली की डोक्यावर कितीही सुंदर ढग असू दे, रंग येत नाही. जागा सात तासांवर असेल तर तुम्ही कॅलेंडर बघून जाता, अर्ध्या तासावर असेल तर हवा बघून जाता. लँडस्केपमध्ये अर्धा सब्जेक्ट हवाच असते.

दुसरं झोपेचं. बहुतेक वेळा रंग सूर्य उगवायच्या आधीच येऊन जातो, त्यामुळे पाऊण तास आधी ट्रायपॉड उभा पाहिजे. आता यात दीड तासाची गाडी आणि चढण मिळवा, रात्र किती उरली ते बघा. जाताना उत्साहात जाग राहते, परतीच्या वाटेवर ऊन डोळ्यांवर येतं तेव्हा डुलकी लागते. यापायी जीव धोक्यात घालू नका. एक तासाच्या पुढची जागा असेल तर मी आदल्या रात्रीच तिथे जाऊन झोपतो, नाहीतर जातच नाही.

धूसर

कडेकपारी यांच्याशी निम्मा सहमत. पण हवा बघून जवळच जायचं असं ठरवलं तर जे आपल्याला माहीतच नाही ते कधी भेटणार? अमेरिकन लँडस्केप फोटोग्राफर अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्सचा न्यू मेक्सिकोतल्या हर्नांडेझ गावावरचा चंद्रोदयाचा फोटो बघा, १ नोव्हेंबर १९४१ चा. दिवसभर फिरून मनासारखं काही मिळालं नव्हतं, परत निघाले होते, रस्त्यावरून ते दृश्य दिसलं आणि गाडी थांबवली. उजेड मोजायचं लाइट मीटर सापडेना, उजेड चाललेला, तेव्हा चंद्राचा उजळपणा किती असतो हे पाठ होतं त्यावरून एक्स्पोजर काढलं. घराबाहेर नसते तर तो फोटो नव्हता एवढं मान्य करा.

त्याच अ‍ॅडम्सचं दुसरं म्हणजे योसेमिटी, कॅलिफोर्नियातली डोंगरदरी. चौदा वर्षांचे असताना १९१६ मध्ये पहिल्यांदा गेले आणि मग आयुष्यभर जात राहिले. म्हणजे लांब जायला हरकत नाही पण लांबच्या एका जागेशी नातं जुळवा. उजाडताना, तुमच्या सुट्टीबद्दल माझं स्पष्ट मत: सगळी सुट्टी लांब लावा, पण पाच जागा नाही, एकच. एकाच मुक्कामावरून रोज सकाळ-संध्याकाळ तीच दरी. पहिले दोन दिवस तुम्ही सगळे काढतात तेच फोटो काढाल आणि काढा, मनातून निघून जाऊ देत. खरं काम तिसऱ्या दिवसापासून सुरू होतं.

पाऊलवाट

एक वेगळा मुद्दा, थोडक्यात. प्रसिद्ध जागांवरच्या गर्दीने त्या जागांचं काय होतंय तेही बघा. आइसलंडमधली फियाद्रारग्ल्युफुर ही घळ २०१९ मध्ये लोकांसाठी बंद ठेवावी लागली, पायवाटेबाहेर तुडवून तुडवून शेवाळ आणि गवत उखडलं होतं. जपानमध्ये बिएईच्या शेतातलं एक प्रसिद्ध झाड २०१६ मध्ये शेतकऱ्याने पाडलं, झाड म्हातारं झालं होतं हे एक कारण आणि फोटोसाठी लोक शेतात घुसायचे हे दुसरं. मला हे वाचून फार वाईट वाटलं होतं, तेव्हापासून ज्या जागेचा एकच ठरलेला फोटो सगळीकडे दिसतो तिथे मी जात नाही. जिथे जाल तिथे वाट सोडू नका एवढी विनंती.

माळरानी

उजाडताना, तुमच्या तिसऱ्या प्रश्नाला कोणी हात लावला नाही म्हणून लिहिते. जागा संपलेली नाहीये. महिनाभर वाइड घरी ठेवा. वाइडमध्ये तलाव, झाड, टेकडी सगळं एकदम येतं, म्हणून फ्रेम आधीच माहीत असते. फक्त ७०-२०० घेऊन जा आणि सूर्याकडे पाठ करून उभं राहिल्यावर समोर काय होतंय ते बघा. मी एका माळावर असं करायला लागले तेव्हा गवताच्या पात्यांमधली कोळ्यांची जाळी दिसली, दवाने भरलेली, त्यांच्यासाठी मात्र तोंड सूर्याकडे हवं, उजेड जाळ्याच्या मागून आला की एकेक धागा वेगळा दिसतो आणि बाजूने आला की काहीच दिसत नाही. गुडघ्यावर बसून पाच पावलांच्या आत अख्खी सकाळ गेली.

आणि सूर्य एका जागी उगवत नाही हे वापरा. विषुववृत्तावरसुद्धा उगवतीची जागा वर्षभरात पूर्वेच्या दोन्ही बाजूंना साडेतेवीस अंशांपर्यंत सरकते, ध्रुवांकडे जाल तसं आणखी जास्त. मार्च आणि सप्टेंबरच्या सुमाराला ती भराभर सरकते, जून आणि डिसेंबरमध्ये जवळजवळ थबकते. म्हणजे टेकडीच्या खिंडीतून सूर्य वर येतोय असं वर्षातून मोजकेच दिवस मिळतं. फोटोपिल्ससारखं अ‍ॅप किंवा साधा नकाशा घेऊन बसा, तुमच्या झाडामागे सूर्य कधी येतो, चंद्र कधी येतो ते काढा. तुम्ही पहाटेचे आहात तर पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ बघा, चंद्र पश्चिमेला मावळायच्या आत सूर्य उगवलेला असतो, त्यामुळे जमिनीवरही उजेड मिळतो आणि चंद्रही दिसतो.

उजाडताना

सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं सविस्तर कोणी लिहील असं वाटलं नव्हतं.

धूसर, तुमचं पटलं, सुट्टी एकाच मुक्कामाला लावतो, आणि पाऊलवाट यांचं वाचून प्रसिद्ध दरी यादीतून काढली, तिच्या अलीकडची एक कमी माहितीची आहे तिकडे जाईन. कडेकपारी, आदल्या संध्याकाळी ठरवता येईल तेवढंच अंतर ही कसोटी उरलेल्या वर्षासाठी घेतोय, त्यात तलाव, माळ आणि अजून न बघितलेला तासाभराच्या आतला बराच परिसर बसतो. एक मात्र पटलं नाही, वाइड महिनाभर घरी ठेवणं. चिखलाच्या भेगांना मला वाइडच लागते, पाणी उतरतंय ते थांबणार नाही, म्हणून तेवढी सूट घेतो.

माळरानी ताई, चंद्राचं डोक्यात बसलंय. पण झाडाशेजारी चंद्र टिकलीएवढा येतो माझ्याकडे. मोठा दिसायला किती मागे जायचं याचा काही हिशेब आहे का? झाड पाण्याच्या वर साधारण चार मीटर आहे.

माळरानी

आहे की. चंद्र आपल्याला साधारण अर्ध्या अंशाचा दिसतो. कुठलीही वस्तू तिच्या उंचीच्या साधारण ११० पट लांबून बघितली की चंद्राएवढी दिसते. चार मीटरचं झाड म्हणजे ४४० मीटरवरून चंद्राइतकं उंच. पण तुमची ७०-२०० पूर्ण २०० एमएमवर नेली तरी चंद्र कॅमेऱ्याच्या सेन्सरवर जेमतेम पावणेदोन मिलिमीटरचा पडतो, फुल फ्रेम सेन्सरची उंची २४ मिलिमीटर, त्यामुळे तेवढ्या लांबून दोन्ही बारीक येतील. झाड चंद्राच्या तिप्पट ठेवा, म्हणजे दीडशे मीटरच्या आसपास उभं राहायचं, फ्रेमच्या पाव उंचीपेक्षा थोडं कमी झाड आणि बाकी आकाश-पाणी, छान बसेल. फोकस झाडावर करा, अ‍ॅपर्चर एफ ११ ठेवा आणि शटर एक सेकंदाच्या आत, नाहीतर चंद्र सरकलेला दिसतो. झाडाच्या पूर्वेला दीडशे मीटरवर उभं राहायला कोरडी जागा आहे का ते आधी दिवसाउजेडी जाऊन बघून या.