तुम्हाला विज्ञानाची गोडी कशी लागली?

दरवर्षी शून्य सावलीच्या दिवसाची छायाचित्रे पाहिली की आमच्या विज्ञानाच्या बाई आठवतात. पुण्यात हा दिवस १३ मेच्या सुमारास, म्हणजे ऐन सुट्टीत येतो. तरीही बाईंनी जवळपासच्या मुलांना पटांगणावर बोलावून ताठ उभ्या केलेल्या नळकांड्याची सावली बुडाशी नाहीशी होताना दाखवली होती. ‘बाई, बारा वाजता का नाही झाली, साडेबारा का?’ असे एकीने विचारताच त्यांनी उत्तर न देता नकाशा पसरला आणि ज्यावरून भारताची घड्याळे लावली जातात त्या ८२.५ अंश रेखावृत्तापासून पुणे किती पश्चिमेला आहे ते मोजायला लावले. आपलेही अनुभव लिहावेत.

मोरपीस :
माझी सुरुवात काडेपेटीच्या काड्या सायकलच्या व्हॉल्व्हट्यूबच्या, म्हणजे बारीक रबरी नळीच्या, तुकड्यांनी जोडून आकार बनवण्यापासून झाली. चौकोन दाबला की तिरका होतो, त्रिकोण मात्र जागचा हलत नाही, हे हाताला कळल्यापासून मी एसटी स्थानकाच्या छपराच्या कैच्यांमधले त्रिकोण शोधत बसे, आणि त्यात कधीकधी गाडी चुके.

गावकरी :
आपण भाग्यवान आहात. आमची प्रयोगशाळा फक्त तपासणीच्या दिवशी उघडत असे. एरवी ‘निरीक्षण’ आणि ‘अनुमान’ दोन्ही फळ्यावरून वहीत उतरवायचे.

दवबिंदू :
@गावकरी, चंचुपात्राची आकृती मी डोळे मिटूनही काढत असे, परंतु ते हातात आले थेट दहावीच्या प्रात्यक्षिक परीक्षेत!

निरीक्षक :
डॉ. जयंत नारळीकर स्वाक्षरी मागणाऱ्या मुलांना पोस्टकार्डावर विज्ञानाचा प्रश्न पाठवायला सांगत आणि उत्तर लिहून त्याखाली स्वाक्षरी करत. निदान स्वाक्षरीच्या लोभाने का होईना, मुले प्रश्न शोधत असत.

खडूफळा :
मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. डब्यातल्या भाजीचा डाग साबण लावल्यावर लाल का झाला, असे एका मुलीने विचारले, तेव्हा दुसऱ्या दिवशी हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवलेल्या कागदाच्या पट्ट्या वाटल्या. चुन्याच्या निवळीने पट्टी लाल झाली, लिंबाने पुन्हा पिवळी झाली. मग मुलांनी घरून राख, ताक, चिंच असे काय काय आणले आणि आठवडाभर पाठ्यपुस्तकाचा धडा उघडावाच लागला नाही.

मोरपीस :
@खडूफळा, जास्वंदीवर हाच प्रयोग होईल का? मुलगी मागे लागली आहे.

खडूफळा :
अवश्य होईल. लाल जास्वंदीच्या पाकळ्या गरम पाण्यात भिजवून ते पाणी गाळून घ्यावे. त्यात लिंबू पिळल्यास गडद गुलाबी आणि चुन्याची निवळी घातल्यास हिरवट रंग येतो. निवळी मात्र आपण स्वतःच घालावी, डोळ्यांत उडता कामा नये.