तिसऱ्या वर्षी लोक अभ्यासातून गळताहेत, काय करावं?

दिंडोरीवाली: नमस्कार मंडळी. मी दिंडोरी तालुक्यात शुगर-बीपीच्या लाँग टर्म अभ्यासात फील्डवर काम करते. दरवर्षी त्याच माणसांकडे जायचं, वजन, कंबर, बीपी, उपाशीपोटी रक्त. पहिल्या वर्षी सगळे हौसेने आले, आता दारात गेलं की "ते कामावर गेले", "नंबर बदलला", नाहीतर सरळ "मागच्या वेळी रक्त नेलं त्याचं काय झालं?" ह्याचं धड उत्तर माझ्याकडे नसतं. वरून सांगतात गळती कमी करा. गेले त्यांच्या जागी शेजारचे घेतले तर चालतं का?

आकडेमोड: नाही चालत ताई. नव्या माणसाचं पहिल्या वर्षीचं रक्त कुठून आणणार? आणि गळतं कोण ते बघा. कामासाठी फिरणारे आणि आजारी पडलेलेच जास्त गळाले तर कागदावर तालुका ठणठणीत दिसेल आणि खरं चित्र भलतंच असेल. टिकवणं जमतं पण. अमेरिकेत फ्रामिंगहॅम गावचा हृदयरोगाचा अभ्यास १९४८ ला ५,२०९ जणांवर सुरू झाला, १९७१ ला त्यांची मुलं आली, २००२ ला नातवंडं. इतकं लांब कशाला, पुण्याच्या केईएम रुग्णालयाचा माता पोषण अभ्यास १९९३ पासून जवळच्या सहा गावांत चालू आहे, त्यातली बहुतेक पोरं अठरा वर्षांची झाली तरी अभ्यासात होती.

सातपूरची सून: मी घरच्या बाजूने सांगते. आमचे सासरे अशाच एका अभ्यासात होते. उपाशी बसवून दुपार केली, त्यांचा रोज बुडला, आणि रिपोर्ट आला तो कित्येक महिन्यांनी, तोही इंग्रजीत. दरवेळी नवा पोरगा यायचा आणि "विडी ओढता का" पासून सुरू. त्यांनी सोडलं, मला त्यांचं काही चुकलं असं वाटत नाही. मजुरांची पिकअप गाडी निघायच्या आधी पहाटेच या, आणि मागचा रिपोर्ट हातात घेऊन या, शेजारी बसून वाचून दाखवा. साखर वाढलेली दिसली तर कुठल्या दवाखान्यात जायचं तेही सांगा.

जुना सुपरवायझर: सूनबाईंचं शंभर टक्के बरोबर. बुडीत रोज आणि गाडीभाडं देता येतं, आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०१७ च्या नियमांत ते बसतं, फक्त एथिक्स कमिटीची, म्हणजे संशोधनाची नैतिकता तपासणाऱ्या समितीची, मंजुरी घ्या आणि रक्कम एवढी नको की माणूस पैशासाठीच हो म्हणेल. दुसरं, फेरीचं कॅलेंडर ऑफिसच्या सोयीने लावू नका, द्राक्षबागेत ऑक्टोबरची गोडी छाटणी, नंतर काढणी, एप्रिलची खरड छाटणी, ह्या धांदलीत कोण घरी सापडणार? मजुरीला आलेली पेठ-सुरगाण्याची माणसं तर पावसाळ्यात भाताच्या आवणीला (लावणीला) गावी परततात, तिथेच गाठा. लग्न होऊन गेलेल्या पोरी आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) आणि दिवाळीला माहेरी येतात, आशाताईंना बरोबर माहीत असतं कोण कधी आली. "नको" म्हणणारा आणि न सापडणारा एकाच रकान्यात टाकू नका. नको म्हणणाऱ्याला कधीही बाहेर पडायचा हक्क आहे, त्याच्या मागे लागायचं नाही, पण रक्त नको तर नुसतं फोनवर बोलाल का एवढं एकदा विचारा, कित्येक जण तेवढ्याला तयार होतात.

दिंडोरीवाली: खूप आभार सगळ्यांचे. मागच्या फेरीचे रिपोर्ट आधी घरोघर पोचवते, मगच नवीन सुई. एक विचारते, मजुरांच्या टोळीच्या मुकादमाचा नंबर लिहून ठेवला तर?

जुना सुपरवायझर: ठेवा, पण त्या माणसाला विचारून, आणि संमतीपत्रात तशी ओळ घालून. मुकादमाला फोन केलात तर "भेटायला येतेय" एवढंच बोला, शुगरचा किंवा बीपीचा शब्दही नको, त्यावरून एखाद्याचं काम जाऊ शकतं.