कंदील कुणाच्या भाषेत बांधायचे? वेल्समधलं एक गाव आणि तिथल्या कला-कार्यशाळा

कामटी (धागाकर्ती)

पश्चिम वेल्समध्ये ताइवी नदीच्या मुखाशी कार्डिगन आहे. वेल्श लोक त्याला आबेरताइवी म्हणतात. वस्ती चार हजारांच्या आसपास. तिथून अर्ध्या तासावर आम्ही नऊ वर्षं राहतोय. परवा एका मराठी कुटुंबाकडे जेवायला गेलो होतो. बोलता बोलता यजमान म्हणाले, "गावोगावच्या या कार्यशाळा आणि महोत्सव म्हणजे शहरातून येऊन इथे घरं घेतलेल्यांचा विरंगुळा. गावाला त्याचं काय?" मला तिथे नीट उत्तर देता आलं नाही आणि ते मनाला लागून राहिलं. म्हणून हा धागा.

दर डिसेंबरच्या सुरुवातीला कार्डिगनच्या रस्त्यांवरून कागदी कंदिलांची मिरवणूक निघते. स्मॉल वर्ल्ड थिएटर ही इथली जुनी संस्था ती भरवते. काही कंदील माणसापेक्षा उंच असतात. आधी काही आठवडे ते बनवायच्या कार्यशाळा चालतात. विलो झाडाच्या लवचीक काड्या वाकवायच्या, सांधे चिकटपट्टीने बांधायचे, पातळ केलेल्या डिंकात भिजवलेला पांढरा टिश्यू पेपर वर चढवायचा. दिवाळीआधी बाबांबरोबर अंगणात कामट्या तासत बसायचे, तेच सगळं आठवलं. खळीऐवजी डिंक, एवढाच फरक.

माझ्या टेबलावर सत्तरीचे एक शेतकरी होते. नातीला सोडायला आले आणि अर्धा तास हाताची घडी घालून नुसते उभे. माझा सांधा तिसऱ्यांदा सुटला तेव्हा त्यांनी काडी माझ्या हातातून घेतली, टोक पिळून मऊ केलं, दोन वेढे दिले आणि टोक आत खुपसलं. चिकटपट्टी लागलीच नाही. कुंपण विणायची गाठ होती ती! मग अख्खं टेबल त्यांच्याकडून शिकत होतं, शिकवायला आलेली कलाकारसुद्धा.

या गावात जीन्स शिवायचा मोठा कारखाना होता. आठवड्याला 35,000 जीन्स बाहेर पडायच्या. 2002 साली तो बंद पडला आणि चारशेजणांचं काम गेलं. ज्या गावाच्या हातांना कुणी विचारत नाही, तिथे कुणीतरी "या, तुमचे हात हवेत" म्हणतं, ही मला फार मोठी गोष्ट वाटते. तिकीट काढून कार्यक्रम बघणं वेगळं आणि आपण बांधलेला माशाच्या आकाराचा कंदील खांद्यावर घेऊन बाजारातून चालणं वेगळं.

उत्तरवाट

कामटीताई, मनापासून लिहिलंय, पण मी असहमत आहे. मी उत्तर वेल्समध्ये असतो. बायको इथलीच, घरात वेल्श बोललं जातं.

ज्या गावाबद्दल तुम्ही लिहिताय, तिथे 1176 साली रीस या राजाने किल्ल्यावर कवी आणि वादकांच्या स्पर्धा भरवल्या. वर्षभर आधी दवंडी पिटली होती. जिंकणाऱ्याला मानाची खुर्ची. आइस्तेदवोद म्हणजे वेल्श कलामहोत्सव, त्याची सुरुवात लोक तिथूनच मोजतात. आजही खेड्याच्या चॅपलमागच्या खोलीत लहानशी आइस्तेदवोद होते. सहा वर्षांची पोर कविता म्हणते, तिची आजी चहाचं बघते, शेजारचा शेतकरी चौघांच्या सुरात गातो. तरुण शेतकऱ्यांच्या क्लबांचीही स्वतःची असते. हे सगळं लोकसहभागाचंच आहे ना? त्यासाठी बाहेरून कुणी कलाकार आणावा लागत नाही.

कंदिलांची मिरवणूक मात्र इथली नाही. ब्रिटनमध्ये ही रीत रुजली ती 1983 साली इंग्लंडमधल्या अल्वरस्टनला, वेल्फेअर स्टेट इंटरनॅशनल नावाच्या नाटकमंडळीमुळे.

आता मला सलणारी गोष्ट. गावाचं नाव घेत नाही. आम्ही एका कार्यशाळेला गेलो होतो, मुखवटे बनवायच्या. सोळाजण होतो. चौघे वेल्श बोलणारे, सुरुवातीला आपसात वेल्शमध्येच गप्पा मारत होते. बाकीच्यांना कळत नाही म्हटल्यावर दहा मिनिटांत चौघेही इंग्रजीवर आले. कुणी सांगितलं नव्हतं, सौजन्य म्हणून. दारावर पाटी दोन्ही भाषांत होती. आत दोन तास एक वेल्श शब्द नाही. माझी बायको घरी येईपर्यंत गप्प होती.

केरेदिगियॉन, म्हणजे कार्डिगन ज्यात येतं तो परगणा. 2011 च्या जनगणनेत तिथे 47.3 टक्के लोक वेल्श बोलणारे होते, 2021 मध्ये 45.3. भाषा अशीच सौजन्याने जाते, ताई. म्हणून 1950 पासून राष्ट्रीय आइस्तेदवोदचा नियम आहे, मंचावर फक्त वेल्श. आपलेपणाला दार लागतं आणि दाराला चौकट.

हिशेबनीस

कार्डिफहून. मला भाषेपेक्षा पैशाची काळजी आहे.

नॅशनल थिएटर वेल्सचं उदाहरण घ्या. स्वतःची इमारत नाही, गावोगावी स्थानिक लोकांना घेऊन नाटक करायचं, हेच त्यांचं काम. 2011 च्या ईस्टरला पोर्ट टॅलबॉटमध्ये अभिनेता मायकेल शीनबरोबर तीन दिवस अख्खं शहरच रंगमंच केलं होतं, हजारावर स्थानिक माणसं त्यात होती. 2023 मध्ये आर्ट्स कौन्सिलने, म्हणजे कलांना सरकारी पैसा देणाऱ्या संस्थेने, नियमित अनुदान पुढे न द्यायचं ठरवलं आणि 2024 संपता संपता संस्थेनेच गाशा गुंडाळला. इतकं मोठं नाव टिकलं नाही, तर चार आठवड्यांच्या प्रकल्पावर चालणाऱ्या कार्यशाळेचं काय?

दुसरं म्हणजे गाव देखणं झालं, महोत्सवामुळे नावारूपाला आलं, की घरांच्या किमती चढतात. सुट्टीतल्या घरांनी पश्चिम किनारा इतका ग्रासलाय, की एप्रिल 2023 पासून अशा दुसऱ्या घरांवर 300 टक्क्यांपर्यंत जादा कौन्सिल टॅक्स, म्हणजे घरावरचा स्थानिक कर, लावायची मुभा तिथल्या कौन्सिलांना द्यावी लागली. ज्या मुलीने कंदील बांधला तिला पंचविशीत त्याच गावात घर परवडणार नसेल, तर आपण कुणासाठी मिरवणूक काढतोय?

रंगपट

मी पुण्यात, हौशी नाटकवाला. वेल्समध्ये वर्षभर शिकायला होतो.

उत्तरवाट, "ही रीत इथली नाही" हा मुद्दा सोडून द्या. राष्ट्रीय आइस्तेदवोदमध्ये पांढरे, निळे, हिरवे झगे घालून गोर्सेथचे, म्हणजे मानाच्या कविमंडळाचे, कवी येतात. तो सोहळा योलो मोर्गानुग या वेल्श कवीने 1792 मध्ये पहिल्यांदा केला, तोही लंडनच्या प्रिमरोझ हिलवर. आइस्तेदवोदशी तो जोडला गेला 1819 मध्ये. आज त्याला कुणी उपरा म्हणेल का? रीत कुठून आली यापेक्षा ती कुणी अंगावर घेतली ते बघा.

भाषेचा मुद्दा मात्र बिनतोड आहे. त्या चौघांचं वाचून मी बराच वेळ थांबलो.

कामटी

गोर्सेथचं मला माहीत नव्हतं, आभार.

हिशेबनीस, घरांचं तुमचं खरं आहे. कंदिलांनी घरं स्वस्त होत नाहीत. पण ते दुखणं कराने आणि घरबांधणीनेच सुटायचं. कार्यशाळा बंद करून एकही घर मोकळं होणार नाही.

उत्तरवाट, 2022 मध्ये ट्रेगारॉनच्या राष्ट्रीय आइस्तेदवोदला मी गेले होते. भाषांतराचे हेडफोन कानाला लावून बसले. खुर्चीच्या समारंभाला तलवार अर्धी उपसतात, "शांतता आहे का?" विचारतात आणि हजारो लोक एका आवाजात "हेद्दुख!" म्हणतात. अंगावर काटा आला. पण तिथे मी पाहुणी होते, कंदिलाच्या टेबलावर मला काम होतं. माझ्यासारखी माणसं इथे आहेतच, दवाखान्यांत, शाळांत, वृद्धाश्रमांत काम करणारी. आम्ही त्या शेतकऱ्याच्या शेजारी बसायचं तरी कुठे?

एक गोष्ट आधी लिहायची राहिली. गाठ शिकवताना ते मला म्हणाले, "दाल ए'न दिन." घट्ट धर. गाठीला कूलुम. नऊ वर्षांत पुस्तकातून शिकलेलं निम्मं विसरले, पण ही दोन विसरले नाही. काडी हातात होती ना तेव्हा.

उत्तरवाट

ताई, हे वाचून बरं वाटलं. पण ते शेतकऱ्याने केलं, कार्यशाळेने नव्हे. ते बोलले नसते तर? माणसाच्या मर्जीवर भाषा किती दिवस सोडायची? 2015 च्या भावी पिढ्यांच्या कायद्यात सात उद्दिष्टं आहेत, त्यातलं एक म्हणजे चैतन्यशील संस्कृती आणि बहरणारी वेल्श भाषा. मग अनुदान देतानाच अट घाला, प्रत्येक कार्यशाळेत निदान एक टेबल वेल्शचं. शिकवणारा वेल्श बोलणारा हवा. पाटीवरच्या वेल्शने भागत नाही.

हिशेबनीस

असा शिकवणारा दर गावात मिळेल का? आणि त्याला बारा महिने काम कोण देणार?

उत्तरवाट

ताईंच्या टेबलावर तो शेतकरी होता की. त्याला मानधन द्या.

कामटी

हे पटलं. येत्या नोव्हेंबरात मी आयोजकांना विचारणार आहे. त्या आजोबांनाही विचारते, तयार होतील की नाही सांगता येत नाही. फक्त एक, उत्तरवाट. वेल्शच्या टेबलावर मीही बसणार. मला येत नाही म्हणून दुसरीकडे पाठवायचं नाही.

उत्तरवाट

बसा की. फक्त कुणी तुमच्यासाठी इंग्रजीवर आलं, तर त्यांना तुम्हीच थांबवा.